वाशिम उलटं लिहून दाखवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या जिल्ह्यातले रस्ते पहाटे चारलाच जागे होतात. रिसोडच्या रस्त्यावर, कारंज्याच्या बाहेर, मंगरूळपीरच्या मैदानावर मुलं-मुली धावताना दिसतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणी अनवाणी असतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. पन्नास गुणांचं मैदान आणि शंभर गुणांची लेखी. घरातल्या आजीलाही हा हिशेब पाठ असतो, कारण नातू रोज तेच बोलतो.

या मैदानी परीक्षेतल्या दोन गोष्टी मला आवडतात. काय करायचं आहे ते आधीच ठाऊक असतं, आणि मोजपट्टी सगळ्यांना एकच असते. एक गोष्ट मात्र विचार करायला लावते. नोकरी लागल्यावर पोलीस काही चोरावर लोखंडी गोळा फेकत नाही. अंगात जोर आहे की नाही हे पाहायला आडून घेतलेली ती परीक्षा आहे. धावण्याचं तसं नाही, पोलिसाला खरोखर धावावं लागतं. म्हणजे परीक्षा दोन तऱ्हेची. एक प्रत्यक्ष कामाची, दुसरी कामाच्या आसपासची. आज मी ज्या भरतीबद्दल बोलणार आहे, तिच्यात या दोहोंतला फरक न कळल्यामुळे खेड्यापाड्यातल्या पुष्कळ मुलांची संधी हुकते. ती भरती म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्यांची. त्यांना वेब डेव्हलपर म्हणतात.

तुम्ही म्हणाल, कवितावाल्यानं या भानगडीत कशाला पडावं? मी बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. संगणकाचं शिक्षण माझं नाही. पण या कामाशी माझा आणि तुमचाही रोजचा संबंध आहे. पीकविम्याचा अर्ज, कॉलेजचा प्रवेश, पतसंस्थेचं खातं, रेल्वेचं तिकीट, सगळं एखाद्या वेबसाइटवर भरावं लागतं. ते पान कुणीतरी लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यानं नीट विचार केला नसेल तर मानोऱ्याहून आलेल्या शेतकऱ्याचा दिवस सेवा केंद्राच्या बाकावर जातो. एकाच अर्जासाठी दुसरा हेलपाटा घडतो. म्हणून ते पान लिहायला माणूस कसा निवडतात, हा आपल्या सगळ्यांच्याच फायद्या-तोट्याचा प्रश्न आहे.

आपली मुलं हे शिकून पुण्याला, नागपूरला, हैदराबादला मुलाखतीला जातात. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, गावच्या मित्राच्या खोलीवर उतरायचं, तोंड धुऊन सकाळी नऊला हजर व्हायचं. आता पुष्कळ परीक्षा घरबसल्या होतात. त्यातही वीज गेली, नेट तुटलं की घड्याळ चालूच राहतं. आणि परीक्षा कशाची असते? तीन तऱ्हा मी मुलांकडून ऐकल्या आहेत.

पहिली तऱ्हा कोड्यांची. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, अशी. गूगल कंपनीत एकेकाळी असे प्रश्न विचारत. तिथल्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मुलाखतीत स्वच्छ सांगितलं की ही कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. त्यातून उमेदवाराचं काहीच कळत नाही, फक्त विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान मिळतं.

दुसरी तऱ्हा चाळणीची. २००७ साली इम्रान घोरी नावाच्या प्रोग्रॅमरनं एक साधा प्रश्न मांडला. एक ते शंभर आकडे छापायचे. तीननं भाग जाणाऱ्या आकड्याच्या जागी 'फिझ', पाचनं भाग जाणाऱ्याच्या जागी 'बझ' आणि दोहोंनी भाग जात असेल तर 'फिझबझ'. लहान मुलांना भागाकार शिकवण्याचा हा खेळ. अर्ज करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एवढंही जमत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते जगभर गाजलं. हा प्रश्न वाईट नाही. पण चाळणीनं खडे निघतात, उरलेल्यांत बियाण्याला कोणता दाणा चांगला ते चाळणी सांगत नाही.

तिसरी तऱ्हा फळ्याची. चार लोक समोर बसलेले, हातात खडू किंवा पेन, आणि पुस्तकातला एक अवघड प्रश्न. मॅक्स हॉवेल या माणसानं 'होमब्र्यू' नावाचं एक साधन तयार केलं. जगातले असंख्य प्रोग्रॅमर ते वापरतात. गूगलनं त्यांना नाकारलं तेव्हा, २०१५ साली, त्यांनी जाहीरपणे लिहिलं की तुमचे बहुतेक इंजिनिअर माझंच साधन वापरतात, पण फळ्यावर एक उलटापालट मांडता आली नाही म्हणून मी नापास. त्यावर जगभर दोन्ही बाजूंनी वाद झाला.

फळ्यापुढे नेमकं काय होतं हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठानं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांबरोबर तपासलं. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. संगणक शिकणारे ४८ विद्यार्थी घेतले. काहींनी परीक्षकासमोर, मोठ्यानं बोलत फळ्यावर प्रश्न सोडवला. बाकीच्यांनी तोच प्रश्न एकांतात, बंद खोलीत सोडवला. ज्यांच्यावर नजर होती त्यांची कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली. समोर सोडवणाऱ्या सगळ्या मुली नापास झाल्या, एकांतात सोडवणाऱ्या सगळ्या पास झाल्या. मुलींची संख्या थोडी होती, तेव्हा त्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये हे संशोधकांनीच सांगितलं आहे. तरी विचार करण्याजोगी गोष्ट आहे. त्या परीक्षेनं मोजलं ते संगणकाचं ज्ञान की लोकांसमोर उभं राहण्याचं धैर्य? आणि जो मुलगा आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या इमारतीत शिरला, ज्याला विचार मराठीत सुचतो आणि बोलायचं इंग्रजीत आहे, त्याचं मोजमाप कसं होणार?

आता माझा यात शिरकाव कसा झाला ते सांगतो. वाशिममधला एक तरुण मित्र पतसंस्थांची, शाळांची, वाचनालयांची संकेतस्थळं तयार करतो. त्यातला मराठी मजकूर मी तपासून देतो. त्याला दोन माणसं घ्यायची होती. पुण्याच्या एका परीक्षेतून उतरवलेले प्रश्न त्यानं मला दाखवले. त्यात एक होता, 'दिलेला शब्द उलटा करून दाखवा.' मी म्हटलं, मग वाशिम उलटं लिहून दाखव. त्यानं संगणकाला सांगितलं. संगणकानं लिहिलं, 'मिशाव'.

आपल्या चौथीतल्या पोराला विचारा. तो म्हणेल, 'मशिवा'. त्याला वाशिम तीन अक्षरांचं दिसतं, वा, शि आणि म. संगणकाला ते पाच चिन्हांचं दिसतं. व, मग काना, श, मग वेलांटी, आणि म. उलटं करताना त्यानं चिन्हं उलटी केली, म्हणून शि ची वेलांटी म वर जाऊन बसली. कारंजा तीन अक्षरांचा, संगणकाला सहा चिन्हांचा. मंगरूळपीर सहा अक्षरांचं, संगणकाला नऊ चिन्हांचं. जी वेबसाइट नावाला वीस अक्षरांची मर्यादा घालते, ती इंग्रजी नाव सहज घेते आणि मराठी नाव मध्येच तोडते, त्यामागे हेच कारण असतं. वृत्तात लिहिणाऱ्याला लघु-गुरू मोजायची सवय असते, म्हणून ते माझ्या ध्यानात आलं. मित्र हसला आणि म्हणाला, "सर, तुम्हीच बसा आता परीक्षा काढायला."

उर्दूत तरही मुशायऱ्याची जुनी चाल आहे. आधी एक ओळ जाहीर करतात. त्या ओळीचं वृत्त, काफिया आणि रदीफ सांभाळून प्रत्येकानं आपली गझल लिहून आणायची. या साच्यालाच गझलेत 'जमीन' म्हणतात. उस्ताद असो की नवशिका, जमीन सगळ्यांना एकच. जुन्या वहीतली गझल तिथं खपत नाही, कारण ती त्या जमिनीत बसत नाही. आणि कविता येते का, हे कविता लिहायला लावूनच पाहतात. अमरावतीच्या सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून मराठी नवोदितांना नियम खुले करून दिले, तेही याच न्यायानं. नियम आधी सांगा, मग पारखा. मी मित्राला म्हटलं, आपली परीक्षा अशीच करू. जमीन वाशिमची घेऊ.

आम्ही तीन भाग ठरवले. पहिला भाग दुरुस्तीचा. या धंद्यात नवं लिहिण्यापेक्षा दुसऱ्यानं लिहिलेलं वाचण्यात आणि सुधारण्यात जास्त वेळ जातो. म्हणून पतसंस्थेच्या सभासद-नोंदणीचं एक पान घेतलं आणि त्यात मुद्दाम दोष पेरले. मोबाइलवर बटण पडद्याबाहेर जायचं. बटण दोनदा दाबलं की एकाच माणसाच्या दोन नोंदी व्हायच्या. रक्कम मराठी आकड्यांत लिहिली की पान ती नाकारायचं आणि इंग्रजीत नुसतं 'इनव्हॅलिड' म्हणायचं. काय इनव्हॅलिड, ते सांगायचं नाही.

यातला एक दोष माझ्या घरचाच आहे. आपल्या वऱ्हाडात मुसलमानांची नावं पुष्कळदा अशी लिहितात, शेख रहीम शेख करीम. शेख आधी, मग स्वतःचं नाव, पुन्हा शेख, मग वडिलांचं नाव. माझं नावही असंच चार शब्दांचं. अर्जात मात्र रकाने तीन, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आता शेख कुठं टाकायचं? शाळेच्या दाखल्यावर एक क्रम, आधारवर दुसरा, पासबुकावर तिसरा. मग संगणक म्हणतो, नाव जुळत नाही. एका कार्यालयात या एका गोष्टीपायी मी तीन चकरा मारल्या आहेत. बंजारा तांड्यावर वेगळी अडचण येते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही सारखी असलेली दोन माणसं एकाच तांड्यात निघतात. आणि घरात मोबाइल एकच असला तर 'हा क्रमांक आधीच नोंदलेला आहे' म्हणून सुनेची नोंद अडते. अशी सहा नावं आम्ही उमेदवारांना दिली आणि सांगितलं, ही सगळी माणसं या पानावर नोंदली गेली पाहिजेत.

दुसरा भाग नवं करण्याचा. बाजार समितीच्या आठ दिवसांच्या सोयाबीनच्या दरांची यादी दिली. तारीख, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. त्याचं एक साधं पान करायचं, स्वस्तातल्या मोबाइलवरही चटकन उघडेल असं. यादीत दोन खाचा ठेवल्या होत्या. एके दिवशी बाजार बंद, म्हणून रकाने कोरे. आणि एका ओळीत किमान दर कमाल दरापेक्षा जास्त, म्हणजे टंकनाची उघड चूक. ज्याला फक्त संगणक येतो तो कोऱ्या जागी शून्य दाखवील. पण 'सोयाबीन, दर शून्य' असं वाचून शेतकऱ्याच्या पोटात काय होईल? तिथं 'बाजार बंद' असंच लिहिलं पाहिजे. आणि उलटे दर दिसले तर गुपचूप अदलाबदल करायची नाही, विचारायचं. बाजाराचा आकडा आपल्या मनानं बदलायचा अधिकार वेबसाइटवाल्याला नाही.

तिसरा भाग बोलण्याचा. पंधरा मिनिटं, हव्या त्या भाषेत. आपण काय केलं, का केलं, आणखी वेळ मिळाला असता तर काय केलं असतं. इथंच आम्ही 'वाशिम उलटं करा' विचारायचो. उत्तरापेक्षा मला एकच ऐकायचं होतं. समोरचा 'अक्षरं उलटी करू की चिन्हं?' असं विचारतो का? काम सांगणाऱ्याला प्रश्न विचारणं हे या धंद्यातलं निम्मं काम आहे.

परीक्षा काढल्यावर ती आधी मित्राकडच्याच दोन जुन्या कामगारांना दिली. दोन तासांत होईल असं आम्हाला वाटत होतं, त्यांना साडेतीन लागले. मग एक तृतीयांश कापली. चांगलं काम करणाऱ्यालाच जी परीक्षा पुरी होत नाही, ती नव्या मुलाला देण्यात अर्थ नाही. उमेदवारांना आठ दिवस आधी कळवलं की परीक्षा कशाची, किती वेळाची, गुण कशाला. इंटरनेट पाहायला मुभा, कारण नोकरीतही पाहतातच. खोलीत त्यांच्या पाठीशी कुणी उभं राहायचं नाही. येण्याजाण्याचं भाडं आणि अर्ध्या दिवसाचे पाचशे रुपये सगळ्यांना.

पैशांबद्दल थोडं बोलतो. ओळखीच्या एका मुलाला एका कंपनीनं 'परीक्षा' म्हणून अख्खी वेबसाइट घरी करायला दिली. त्यानं चार रात्री जागून ती पुरी केली. नोकरी मिळाली नाही, उत्तरही आलं नाही. ज्याचा बाप घर चालवतो तो चार रात्री फुकट देऊ शकतो. जो दिवसा दुकानात कामाला जातो तो देऊ शकत नाही. मग परीक्षा हुशारीची राहत नाही, ऐपतीची होते.

आणखी एक प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, त्यानंतर अशीच इतर साधनं आली. फिझबझसारखा प्रश्न यंत्र क्षणात सोडवतं. मग परीक्षा घ्यायची कशाला? आम्ही ते साधन वापरायलाही मना केलं नाही. एवढंच सांगितलं की लिहिलं कुणीही असो, जबाब तुम्हालाच द्यायचा आहे. एका मुलानं यंत्राकडून झकास पान करून घेतलं. देखणं होतं. बंद बाजाराच्या दिवशी मात्र त्यात शून्य होतं, आणि ते त्यानं वाचलेलंच नव्हतं. दुसऱ्या एकानंही यंत्राचीच मदत घेतली, पण शून्य पाहून थांबला आणि तेवढं स्वतः बदललं. यंत्र दोघांनाही एकच मिळालं होतं, पण दुसरा डोळे उघडे ठेवून बसला होता. यंत्र आल्यानं अशा नजरेची किंमत वाढलीच आहे.

गुण द्यायची पद्धतही आम्ही आधीच कागदावर उतरवली होती. कोणत्या गोष्टीला किती गुण, ते परीक्षेआधी ठरलेलं. मित्रानं आणि मी वेगवेगळे गुण दिले, मगच एकमेकांना दाखवले. एका मुलीबद्दल आमचं पटलं नाही. ती फार कमी बोलली, म्हणून मित्राचं मत प्रतिकूल झालं होतं. पण कागद काढला तर उलटे दर आणि बंद बाजार, दोन्ही तिनं पकडलेले. सहाही नावं नोंदली गेलेली. कागद नसता तर तिची शांतता तिच्या विरोधात गेली असती. तिची निवड झाली.

हे काही मी आणि माझ्या मित्रानं लावलेले शोध नव्हेत. श्मिट आणि हंटर या अभ्यासकांनी १९९८ साली निवड-पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा ताळेबंद मांडला. त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं ही पद्धत अगदी वर होती. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते हिशेब नव्यानं तपासले. आकडे खाली आले, क्रमही बदलला. सगळ्यांना तेच प्रश्न, तीच मोजपट्टी अशी आखीव मुलाखत पहिली आली. कामाचा नमुना तरीही वरच्या गटात राहिला. कोणतीही परीक्षा माणसाचं भविष्य पूर्ण सांगत नाही, हेही त्या आकड्यांवरून दिसतं. आमचाच अनुभव सांगतो. निवडलेल्या दोघांपैकी एक वर्षभरानं पुण्याला गेला. काम उत्तम करत होता. तो टिकेल की नाही हे आमच्या परीक्षेत विचारलेलं नव्हतं, आणि विचारूनही कळलं नसतं.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा आपला जिल्हा. २०१८ साली नीती आयोगानं त्याला आकांक्षित जिल्ह्यांत धरलं. मागास म्हणायचं नाही म्हणून काढलेला हा गोड शब्द. पण आकांक्षा खरोखर आहे, ती पहाटेच्या रस्त्यावर दिसते आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्येही दिसते. तिला न्याय द्यायला मोठ्या योजनाच लागतात असं नाही. आपल्या कॉलेजांनी प्रात्यक्षिकाच्या वहीत पुस्तकी प्रश्नांबरोबर बाजार समितीचं पान, ग्रामपंचायतीचा अर्ज, वाचनालयाची यादी घालावी. मुलांनी परीक्षेला जाण्याआधी तीन गोष्टी बेधडक विचाराव्यात. वेळ किती, गुण कशाला, आणि मी केलेलं काम तुम्ही वापरणार का? आणि नोकरी देणाऱ्यांनी नापास झालेल्याला उत्तर द्यावं.

उस्ताद शागिर्दाची गझल परत करताना तिच्यावर इस्लाह करून देतो. कुठं वृत्त सुटलं, कुठं काफिया चुकला, ते ओळीशेजारी लिहितो. आम्हीही निवड न झालेल्या प्रत्येकाला एक कागद दिला. काय चांगलं जमलं, काय राहिलं, आधी काय शिकावं. एक कागद लिहायला दहा मिनिटं लागली. मानोऱ्याहून एसटीनं आलेला मुलगा परत जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढं तर आपण करू शकतो.